आठ अक्षरांत न मावलेलं नाव

लेकीनं त्याच्यावर चहाचा कप ठेवला आणि मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या.

"अगं आई, टेबलाला डाग पडू नये म्हणून तर ठेवलं! जुन्या ट्रंकेत सापडलं. काय आहे हे?"

"फ्लॉपी."

"ही? इतकी लुळी?" तिनं दोन बोटांत धरून हलवली. पंजाएवढी, काळी, चौकोनी, मधोमध भोक, एका कडेला खाच. पूर्वी फडफडायची तशीच फडफडली. "ह्यात मावायचं तरी काय?"

बाई गं, ह्यात काय मावलं होतं ते सांगितलं तर तू माझ्याकडं कशी बघशील, असं मनात आलं. तोंडानं म्हटलं, "कप उचल आधी."

पदरानं पुसली. कागदी पाकीट नाकाशी नेलं. त्याला अजून तो वास होता, की मलाच आला, कुणास ठाऊक. फिनेलचा, नव्या रेक्झिनचा आणि गार हवेचा. गार हवेला वास असतो हे आमच्या परभणीत तेव्हा किती जणांना माहीत होतं? आम्हाला होतं. आम्ही व्होकेशनलची पोरं होतो.

शाळेच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पलीकडं ती खोली होती. दहावीला ज्यांचे मार्क सायन्सला पुरले नाहीत आणि आर्ट्सला जायची ज्यांना लाज वाटली, अशी आम्ही सगळी तिथं गोळा झालेलो. पण पेडगावात आमच्या दादांनी, म्हणजे वडलांनी, मिशीला पीळ देत सांगून ठेवलेलं, "पोरगी कंप्युटर शिकायलीय." गावात कंप्युटर कुणी बघितलेला नव्हता. पारावरच्या एका आजोबांनी तेवढं जत्रेत कंप्युटरचं भविष्य सांगणारं यंत्र पाहिलेलं. मी बसमधून उतरले की ते तळहात पुढं करायचे आणि म्हणायचे, "बघ गं माय, अजून किती हाय?" मी म्हणायचे, "लय हाय आजोबा, लय." ते खुश होऊन तंबाखू मळायला लागायचे.

खोलीच्या दारात चपला काढायच्या. देवळात शिरताना झटकले नसतील इतके पाय आम्ही तिथं झटकायचो. खडू बंद, म्हणून पांढऱ्या फळ्यावर शाईचा पेन. पोरींनी तोंडाला पावडर लावून यायचं नाही, मशीनमध्ये जाते म्हणे. सहा मशीन, त्यांच्यावर शिवणकामाच्या वर्गानं शिवून दिलेल्या फुलाफुलांच्या खोळी. बाहेर वैशाखात डांबर वितळायचं आणि आत आम्ही काखेत हात घालून कुडकुडायचो. खोळ काढायची, घडी घालायची, बटण दाबायचं. आधी घरघर. मग काळ्या पडद्यावर कोपऱ्यात हिरवे आकडे पळायला लागायचे. मशीन आपली मेमरी मोजायचं. किती वेळ मोजायचं! पोरांची कुजबुज बंद व्हायची, सगळे त्या आकड्यांकडं बघत राहायचे. मग एकच शिट्टी, बारीक. ती अजून मला कधी कधी दुपारच्या झोपेत ऐकू येते आणि मी उठून बसते.

आमचे कंप्युटरचे सर सांगलीकडचे. नवे, बारीक, चष्म्यातून सारखे स्टॅबिलायझरच्या काट्याकडं बघणारे. लाईट कधी जाईल नेम नसायचा, म्हणून दर पाच मिनिटांनी ते ओरडायचे, "सेव्ह करा, सेव्ह करा!" दाराबाहेर स्टुलावर शिपाई मामा बसलेले असत. ते एकदा न राहवून म्हणाले, "सर रोज शेव करा, शेव करा म्हणत्यात, पण एक दिवस चाखायला म्हणून देईनात." त्या दिवसापासून आमच्यात सेव्हचं शेव झालं ते कायमचं. खंडेनवमीला पोरांनी झेंडूचे हार आणले, हळदीकुंकवाचं ताट आणलं. सर कीबोर्डवर दोन्ही हात पसरून उभे राहिले. "इथं नाही! कुंकू लावायचं असेल तर स्टॅबिलायझरला लावा." मग स्टॅबिलायझरला मळवट भरला आणि नारळ सायकल स्टँडवर फोडला.

पोरी आम्ही चौघीच. एका मशीनवर दोघी. माझ्या शेजारी पंचशीला बसायची.

ती उंच, दोन वेण्या, कोपरापर्यंत बाह्या. वडील गवंडी. शहरातच, रुळांच्या पलीकडच्या वस्तीत घर. बोलायला लागली की हात हलायचे आणि बांगड्या वाजायच्या, सर म्हणायचे, "पंचशीला, प्रोग्रॅम सांग, बांगड्या नको." मला विनोद उशिरा कळतो, अजून कळतो. सगळ्यांचं हसून झालं की मी हसायचे. पंचशीला लगेच कोपर मारायची. "हिचं मशीन लय हळू सुरू होतंय सर. अजून मेमरीच मोजायलीय."

आईनं घरी विचारलं, "कुणासंगं बसतीस?"

"एक पोरगी हाय. शहरातली."

"शहरातली म्हंजे कुणाची?"

"गवंड्याची."

आईनं पुढं विचारलं नाही. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाकरी एक जास्त असायची. आईचं असंच होतं. 

पहिल्यांदा नावानं फाईल करायची होती, तो दिवस आठवतो. सर म्हणाले, आपापलं नाव इंग्रजीत टाका, आठ अक्षरांच्या वर जायचं नाही. माझं नाव चार अक्षरांचं. सुखानं मावलं, वर जागा उरली. पंचशीलानं बोटांवर मोजलं. अकरा.

"सर, माझं मावत न्हाई."

सरांनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं आणि आठव्या अक्षरानंतर उभी रेघ मारली. PANCHSHE. "हे एवढं टाक."

"पंचशे?" मागून एक पोरगा ओरडला. "पाचशे, पाचशे!" वर्ग खदखदला. मीपण हसले, आणि नेमकी त्या वेळी वेळेवर हसले. पंचशीला हसली नाही. ती त्या उभ्या रेघेकडं बघत होती.

आणि मग ती दुसरी गोष्ट. सर मराठीत अर्थ लिहून देत होते. COPY म्हणजे नक्कल. DEL म्हणजे पुसणे. REN म्हणजे, म्हणाले, आणि फळ्यावर लिहिलं: नामांतर.

सांगलीकडच्या माणसाला काय माहीत! मागची पोरं एकमेकांकडं बघायला लागली.  आमच्याकडं तो नुसता शब्द नव्हता. विद्यापीठाला एक नाव द्यायचं की नाही, ह्यावरून मी दोन वर्षांची असताना वस्त्याच्या वस्त्या जळाल्या होत्या. आमच्या घरी तो शब्द कुणी जेवताना काढला तर दादा ताटावरून उठायचे. पंचशीलाचे वडील त्याच शब्दासाठी पंधरा दिवस जेलात बसून आलेले. आम्ही दोघी एका मशीनवर बसायचो, एका डब्यात खायचो, पण तो शब्द आमच्यामध्ये कधी आला नव्हता. आता तो फळ्यावर होता.

पंचशीलानं हात वर केला. बांगड्या वाजल्या. "सर, REN केल्यावर आतलं काय बदलतं?"

"काहीच नाही. फाईल तीच, आतला मजकूर तोच. फक्त नाव बदलतं."

"आतलं काहीच बदलत न्हाई, तर मग लोकं एवढं अडवित का असतील सर?"

सर तिच्याकडं बघत राहिले. मग फळ्याकडं. त्यांना उशिरा का होईना, कळलं असावं. "कंप्युटर तर अडवत नाही," ते हळूच म्हणाले, आणि तो शब्द पुसून तिथं 'नाव बदलणे' असं लिहिलं. पण पेन चुकीचा होता, शाई पक्की. नव्या शब्दांखाली जुना शब्द फिकट निळा दिसत राहिला, आम्ही बारावी होऊन बाहेर पडेपर्यंत.

त्या दोन वर्षांचे दिवस मला आता सलग आठवत नाहीत. तुकडे येतात. जानेवारीत मी शेतातून हरभऱ्याचे ढाळे आणायचे आणि खोलीच्या मागच्या पायरीवर आम्ही घाटे सोलून खायचो. घाट्यांवरच्या आंबट आंबेनं बोटं चिकट व्हायची, म्हणून आत जाण्याआधी नळावर चोळून धुवायची. येलदरीची सहल आठवते. धरणाखालचं वीजघर दाखवायला नेलं होतं. आत सगळं थरथरत होतं. पंचशीलानं लोखंडी कठड्यावर दोन्ही तळवे ठेवले, डोळे मिटले. "हितून निघून आपल्या मशीनमधी येतंय बघ," ती म्हणाली. "एवढं पाणी, एवढं लोखंड बेजार व्हायलंय, आन् आपून येडे शेव करायचं इसरताव." परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. केसांना जवसाच्या तेलाचा वास होता. मी परभणी येईपर्यंत खांदा हलवला नाही.

फ्लॉपी दोघींत एक. ती दादांनी घेऊन दिलेली. लेबलवर त्यांनी हौसेनं माझं नाव, स्वतःचं नाव, आडनाव आणि मुक्काम पोस्ट पेडगाव, ता. जि. परभणी, असं बारीक अक्षरात भरून काढलेलं. हरवली तर पोस्टमन आणून देईल, म्हणाले. पंचशीला म्हणायची, "बाहेरून तुझी, आतून दोघींची."

बारावीला प्रत्येकानं आपला एक प्रोग्रॅम करून परीक्षेत दाखवायचा होता. मी वर्तुळाचं क्षेत्रफळ काढणार होते. सगळेच काढणार होते. पंचशीलानं आलेखाचे कागद आणले. एका चौकटीत एक अक्षर, सहा घरं रुंद, निळ्या शाईनं घरं भरायची. A ते Z. आठवडाभर दुपारी आम्ही पायरीवर बसून घरं रंगवत होतो. निम्मी मी रंगवली. प्रोग्रॅम सुरू केला की पडदा विचारायचा: TUMCHE NAV SANGA. आपण नाव टाकायचं, आणि रंगवलेल्या प्रत्येक घराला एक, अशा चांदण्या चांदण्यांनी ते भलं मोठं उमटायचं.

"कितीबी लांब नाव चालंल," ती म्हणाली. मग थांबली. पेन्सिलीनं हिशेब केला. पडद्याला ऐंशी खाने. अक्षराला सहा आणि मधली एक फट, असे सात. अकरा सत्ते सत्त्याहत्तर.

"मावतंय!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शिपाई मामा स्टुलावरून पडता पडता वाचले. "पुरं मावतंय गं माझं!"

त्याच संक्रांतीला विद्यापीठाचं नाव झालं. जुनं ठेवून अलीकडं नवं जोडलं. गावात दारं लवकर लागली, दादा दोन दिवस बोलले नाहीत. शाळा उघडली तशी पंचशीला नवी निळी साडी नेसून आली, आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "घे. गोड बोल." मी घेतला. "लय लांबलचक झालं गं नाव," ती हसत म्हणाली. "आठ अक्षरांत मावायचं न्हाई. पण कुणी रेघ मारू शकत न्हाई आता." मी तिळगूळ खाल्ला आणि मशीनची खोळ काढायला लागले.

आता सांगायला पाहिजे. इथपर्यंत आले की मी नेहमी उठून काहीतरी काम काढते, पण आज नाही.

आमच्या बॅचला एक जागा आली होती. शहरातल्या एका ऑफिसात कंप्युटरवर शिकाऊ म्हणून घेणार, आणि प्रॅक्टिकलला जो पहिला येईल त्याला. ती पंचशीलाची होती. सगळ्या वर्गाला माहीत होतं, तिच्या वडलांनी तर तिला चामड्याची पर्स घेऊन ठेवलेली. मला जागा नको होती. मला नुसतं पास व्हायचं होतं. दादांनी बजावलं होतं, नापास झालीस तर ह्याच वैशाखात उजवून टाकतो, स्थळ सांगून आलंय. मी आईबरोबर पोखर्णीच्या नृसिंहाला नारळ बोलून आले होते. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी लाईट गेली. माझं वर्तुळ पडद्यावर होतं. शेव करायचं राहिलं होतं.

मी रडायला लागले. पंचशीला म्हणाली, "येडी का खुळी? सकाळी लवकर ये. अर्ध्या तासात दोघी मिळून परत करू."

सकाळी पेडगावची बस पंक्चर झाली. मी धावत शाळेत पोचले तेव्हा माझाच नंबर पुकारत होते. पंचशीलाचा नंबर माझ्या नंतरचा, त्याच मशीनवर. आमचे सर दुसऱ्या केंद्रावर परीक्षक म्हणून गेलेले. आत बाहेरगावचे परीक्षक, अनोळखी, घाम येणार नाही अशा गार खोलीतसुद्धा रुमालानं कपाळ पुसणारे. मी फ्लॉपी घातली. यादी आली. दोन वर्षांचे धडे, आणि शेवटी PANCHSHE.BAS. माझ्या नावाचं काही नाही.

आधी COPY केलं. नक्कल. फ्लॉपीत जागा शिल्लक नाही, असं मशीन म्हणालं. परीक्षक दोन मशीन पलीकडं होते. मग मी REN टाइप केलं. तिचं नाव, मध्ये मोकळी जागा, माझं नाव. चार अक्षरं. आतलं काही बदलत नाही, फक्त नाव बदलतं, असं मी मनाशी म्हणत होते. खोटं कशाला बोलू, मला सगळं कळत होतं. बोट एन्टरवर ठेवलं आणि दाबलं. मशीननं अडवलं नाही.

परीक्षक आले. "चालवून दाखवा." पडद्यानं नाव विचारलं, मी माझं टाकलं. चांदण्यांनी माझं नाव उमटलं, भलं मोठं. "अरे वा!" ते म्हणाले. आणि मग पडदा आपोआप पुसला गेला, आणि ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकही अक्षर न कापता, दुसरं नाव उमटायला लागलं. पंचशीलानं ते शेवटी टाकलं होतं. मला तिनं सांगितलं नव्हतं, गंमत म्हणून राखून ठेवलं असणार.

"हे कोणाचं नाव?"

मी म्हणाले, "उदाहरणाचं आहे सर."

त्यांनी मार्क मांडले. मी बाहेर येऊन चपलांपाशी बसले. दाराला काच होती. पंचशीला माझ्याकडं बघून हसत आत गेली. "सकाळी मी वाट बघितली की गं," एवढंच जाता जाता म्हणाली. तिनं यादी काढली. पाठमोरी होती. मग तिची मान थोडी वाकली. पुन्हा यादी काढली. मग तिनं वळून काचेतून बाहेर बघितलं, आणि मी चपलांकडं बघितलं. कुणाची कुठली चप्पल होती ते आजही सांगीन मी. तिच्या डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता.

तिनं कुणाला हाक मारली नाही. तक्रार केली नाही. कळा वाजायला लागल्या, भराभर, आणि बांगड्या. नव्यानं सगळं, डोक्यातून. सगळी अक्षरं तेवढ्या वेळात होणं शक्यच नव्हतं. तिनं फक्त आठ केली. अकरा अक्षरांच्या तिच्या नावात वेगवेगळी अक्षरं आठच आहेत, हे मी पुढं कितीतरी वर्षांनी मोजून पाहिलं. परीक्षकांनी त्यांचं स्वतःचं नाव टाकलं असणार. मधे मधे खाने रिकामे राहिले असणार. दारातून त्यांचा आवाज आला, "हे आधीच्या मुलीचं बघून केलंय वाटतं. तेही अर्धवट."

तेव्हा उठायला पाहिजे होतं. चपला न घालता नुसतं आत जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी उठले नाही.

ती बाहेर आली. चपला घातल्या. फ्लॉपी पाकिटात सरकवून माझ्या मांडीवर ठेवली. "ही घे. तुझ्या नावाची हाय." दोन पावलं गेली आणि थांबली. "आतलं बदलत नसतंय पण." मग गेली. सायकल स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत तिच्या बांगड्या ऐकू आल्या.

प्रॅक्टिकलला मी पहिली आले. जागा मला मिळाली. मी घेतली. पोखर्णीला नारळ फोडायला गेलो तर गाभाऱ्यात मला मान वर करवली नाही. आईला वाटलं पोरगी भाविक झाली. त्या खुर्चीवर पुढं मी कायम झाले. लग्न, हे घर, लेकीचं कॉलेज, सगळं त्या खुर्चीनं दिलं. लोक म्हणतात, बाईनं स्वतःच्या हिमतीवर केलं. मी हसते. उशिरा हसते. आणि माझी मला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या कुणीतरी मोबाईलवर आमच्या बॅचचा ग्रुप काढला. त्यात तिचं नाव दिसलं, पूर्ण. फोटोत केस पांढरे, चष्मा, मागं कंप्युटरची रांग. नांदेडला शिकवणीचा वर्ग चालवते म्हणे. सणावाराला सगळे फुलं पाठवतात, तीही पाठवते. मी तिचं नाव बघते आणि मोबाईल पालथा ठेवते.

आज लेक कप घेऊन आत गेली. मी फ्लॉपी मांडीवर घेऊन बसले. चहाचा गोल डाग दादांच्या बारीक अक्षरांवर पडला होता, आडनाव पुसट झालेलं. नंबर लावला. लागला. माझा नंबर तिच्याकडं नसणार, असेल तरी नाव नसणार.

"हां, बोला. प्रवेशासाठी का?" मागं पोरांचा गलका. बांगड्या वाजल्या. "पूर्ण नाव सांगा."

माझं बोट लेबलवरच्या माझ्या नावावरून फिरत राहिलं.

"हॅलो? नाव सांगा ना ताई."

"पंचशीला," मी म्हणाले. "परीक्षकांनी विचारलं होतं, हे नाव कोणाचं. मी उदाहरणाचं म्हणाले. ते तुझं होतं. प्रोग्रॅमपण तुझा होता, जागापण तुझीच होती. तेव्हा सांगायचं राहिलं."

पलीकडचा गलका दूर गेला. दार लावल्याचा आवाज आला.  फोन ठेवला तरी तिचं चूक नाही, असं मी मनाशी धरून बसले होते.

मग ती बोलली. आवाज जाड झालेला, पण तोच.

"इतकी वर्सं मेमरीच मोजायलीस व्हय गं?"